भिंतीकडे तोंड केलेली पाटी

आमच्या चुलीच्या खोलीत, जवाच्या कोठीवर, एक लाकडी पाटी टांगलेली होती. अक्रोडाच्या लाकडाची, वर दोरी ओवायला भोक असलेली. चव्वेचाळीस वर्षं ती तिथं होती आणि तेवढी सगळी वर्षं तिचं तोंड भिंतीकडे होतं. आम्हाला दिसायची ती नुसती पाठ, धुरानं काळी झालेली.

पाटी माझ्या भावाची, बिहीची. नऊ वर्षांचा होता तेव्हा त्याला ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. मी बारा वर्षांची होते.

आमच्या आमालू गावात मशिदीतले फकीह मुलांना शिकवायचे ते पाटीवर. पोरानं त्यांच्या तोंडून ऐकून धडा लिहायचा, घोकायचा, त्यांच्यासमोर न अडखळता म्हणून दाखवायचा, आणि मगच पाटी धुवायची. पाठ झाल्याशिवाय धुणं नाही आणि धुतल्याशिवाय नवा धडा नाही. ते धुतलेलं पाणी कुणाच्या पायाखाली येऊ द्यायचं नाही, झाडाच्या मुळाशी ओतायचं नाहीतर पिऊन टाकायचं. बिही गेला आणि त्याचा शेवटचा धडा पाटीवर तसाच राहिला.

माती झाल्यावर तिसऱ्या दिवशी फकीह सी ताहेर घरी आले. म्हणाले, "पाटी द्या. मी वाचतो आणि पोराच्या नावानं धुऊन टाकतो." माझ्या आईनं, यम्मानं, पाटी छातीशी घट्ट धरली. "ज्याचा धडा त्याला पाठ झाला नाही, तो तुम्ही कसा धुणार?" फकीहांना असं उलट बोलणारी बाई गावानं पाहिली नव्हती. ते गेल्यावर तिनं खिळा ठोकला आणि पाटीचं तोंड भिंतीकडे करून टांगली. लिहिता-वाचता माणूस घरात आला, त्याची नजर पडली, तर तो वाचणार आणि वाचलं की धुवा म्हणणार. नजरच पडायला नको.

मला चौकशीची खोड आहे. कुणाच्या गाठोड्यात काय आहे, कुणाच्या घरातून कसला वास येतोय, हे कळल्याशिवाय मला घास जात नाही. माझा नवरा, अल्ला त्याला माफ करो, म्हणायचा, "केल्तूम, कबरीत फरिश्ते तुला प्रश्न विचारायला येतील आणि तूच त्यांना सतरा प्रश्न विचारून परत पाठवशील." तर अशी मी. आणि त्या पाटीखाली उभं राहून मी इतकी वर्षं जव काढलं, पीठ दळलं, भाकरी भाजली. हात लावायची छाती झाली नाही. आणि लावला असता तरी काय? गाढवाला गुळाची चव काय. मला पहिलं अक्षर, अलिफसुद्धा ओळखता येत नव्हता.

गंमत अशी, की त्या पाटीचं सगळं मीच करायचे. दर दोन दिवसांनी ती मशिदीच्या अंगणातल्या दगडी टाकीवर घासून धुवायची, पांढऱ्या मातीचा हात द्यायचा, उन्हात वाळवायची. शाईही मी करायचे. मेंढीच्या पोटाखालची लोकर तव्यावर जाळून कोळसा करायचा, वाटायचा, पाण्यात कालवायचा. सगळ्या गावात माझ्या शाईसारखी काळी शाई कुणाची नव्हती, हे मी आजही सांगेन. तो करपलेला वास माझ्या बोटांना कायमचा असायचा. लिहायचं तेवढं मला नव्हतं.

पण कान कोण बंद करणार? पाटी वाळेपर्यंत मी मशिदीच्या खिडकीखाली बसायचे. आत वीस पोरं वीस धडे एकदम ओरडायची. त्यातून बिहीचा आवाज मी वेचून काढायचे. तो अडला की मी खालून पुढचा शब्द टाकायचे. एकदा यम्मानं पाहिलं. विहिरीच्या दोरानं तिनं मला बडवलं, तिथून घरापर्यंत. "पोरीच्या जातीनं खिडकीखाली बसून काय मिळवायचंय गं? फकीह व्हायचंय?" मी म्हटलं होतं, "हो." त्याचे आणखी दोन मिळाले.

त्यानंतर मी पाटी टेकवून लगेच घरी यायचे. मग बिही संध्याकाळी शेळ्यांमागे माझ्याबरोबर यायचा आणि मी त्याच्याकडून घोकून घ्यायचे. शेळ्या अर्गानच्या काटेरी झाडावर चढलेल्या, आम्ही दोघं खाली. तो आळशी होता हो. गोड, पण आळशी. शेवटच्या दिवशी तो मशिदीतून आला तो पाटी छातीशी धरून. मला दाखवेना. मी हिसकायला गेले तर म्हणाला, "उद्या." उद्या त्याला ताप होता.

हे मी यम्माला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही होतं असंही वाटलं नाही.

गेल्या शरद ऋतूत मशिदीत बायकांसाठी अक्षरवर्ग निघाला. आठवड्यातून तीन दिवस, दुपारच्या नमाजानंतर. मी विधवा होऊन यम्माकडे परत आले त्याला सात वर्षं झाली होती, माझं वय छप्पन्न. मी वर्गाची बातमी घरात नुसती गंमत म्हणून सांगितली. यम्मा ऐंशीच्या घरातली, बदाम सोलत बसली होती. हात थांबवून म्हणाली, "तू जा."

"मी?"

"मग काय मी? माझे डोळे गेलेत अर्धे."

"यम्मा, तूच मला दोरानं..."

"दोर कुठला काढतेस आता? झिजून मेला तो." मग ती एक बदाम हातात फिरवत राहिली. "केल्तूम, मी आता फार दिवसांची नाही. मोठी ईद मला दिसते की नाही कोण जाणे. पण तो धडा तसा टाकून मी वर कोणत्या तोंडानं जाऊ? पोरगं तिथं अजून त्याच धड्यावर अडलं असेल. बाकीची पोरं पुढं गेली असतील."

मी हसणार होते. तिचं तोंड पाहिलं आणि हसू जिरलं.

"परक्याची नजर नको," ती म्हणाली. "तू त्याची रक्ताची. तू वाच, तू पाठ कर, माझ्या देखत म्हण, आणि धू. मग माझं झालं."

अशी मी शाळेत गेले.

वर्गात आम्ही अकराजणी. शिकवायला विदाद नावाची चोवीस वर्षांची पोर यायची, अगादीर शहरातली. आम्ही तिला उस्तादा म्हणायचो, ती आम्हा सगळ्यांना मानानं लल्ला. लल्ला केल्तूम, लल्ला झायना. ही झायना माझी शेजारीण. ती शिकायला आली ती बसमुळे. एकदा भाचीच्या लग्नाला तिझनीतला निघाली आणि बसवरची पाटी वाचता न आल्यानं तारुदांतला उतरली. तिथंही एक लग्न चालू होतं. हिनं जाऊन खुशाल जेवण केलं. "लग्न कुणाचं का असेना," ती वर्गात सांगायची, "मटण मऊ होतं. पण नवरीला मिठी मारली तेव्हा लक्षात आलं, ही आपली नव्हे."

उस्तादाला पहिल्या दिवशी वाटलं, आम्हाला नावं लिहायची असतील. सगळ्या वर्गांत बायका म्हणे आधी तेच मागतात. मी म्हटलं, "माझं नाव मला माहीत आहे. मला दुसऱ्यानं लिहिलेलं वाचायचंय." मी नाव लिहायला शिकलेच नाही. फळ्यावर ती आमची नावं लिहायची तेव्हाही मी माझं सोडून बाकीचं बघायचे. वेळ कुठं होता? यम्मा घरी बदाम सोलत मरणाची वाट पाहत होती.

पण एकदा अक्षरं लागायला लागली आणि माझी खोड उफाळून आली. काय सांगू तुम्हाला! इतकी वर्षं जग तोंड मिटून बसलं होतं आणि आता जिकडं बघावं तिकडं ते बडबडत होतं. पिठाचं पोतं बोलत होतं, साखरेची पुडी बोलत होती. चहाच्या डब्यावर चिमणीचं चित्र होतं म्हणून आम्ही तीस वर्षं चिमणीचा चहा मागत होतो. वाचलं तर चिमणीचा कुठं उल्लेखच नाही, लिहिलंय "कोरड्या जागी ठेवा". आम्ही तो न्हाणीशेजारी ठेवायचो. मी दुकानात उभी राहून सगळ्या बाटल्या वाचायचे. दुकानदार म्हणायचा, "मावशी, घ्यायचं काय ते सांग." मी म्हणायचे, "थांब रे, हे काय म्हणतंय ते ऐकू दे." यम्मा रोज संध्याकाळी एकच विचारायची, "आलं का?" आणि भिंतीकडे बघायची.

"अजून नाही."

"फार मठ्ठ आहेस. बिही सहा महिन्यांत लिहायला लागला होता."

मला राग यायचा. त्याला कोण शिकवत होतं आणि कोण घोकून घेत होतं, हे ओठांवर यायचं. गिळायचे. मेलेल्या पोराशी भांडता येत नाही.

थंडीत मला एक धक्का बसला. मी उस्तादाला सहज विचारलं, जुन्या लाकडी पाट्यांवरची अक्षरं आपल्यासारखीच असतात ना? ती म्हणाली, "नाही हो. जुने फकीह वेगळं वळण लिहायचे. काही अक्षरांचे ठिपकेसुद्धा दुसरीकडे देतात. तुम्हाला लागायची नाहीत ती." चार महिने मी भलतंच शिकत होते की काय? तिनं माझा चेहरा पाहिला आणि का विचारता ते खोदून विचारलं. मी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं गुपचूप एक कागद माझ्या हातात ठेवला. जुन्या वळणाची सगळी अक्षरं, खाली आमच्या वर्गातली. पोर शहाणी होती. तो कागद मी कणीक मळतानासुद्धा समोर ठेवायचे.

बदाम फुलून गेले तशी यम्मानं अंथरूण धरलं. दुखत काही नव्हतं, नुसतं संपत चाललं होतं. चपला दाराशी पडून राहिल्या, त्यांत धूळ साठली. जेवण एक घास. मला अजून वाचायला वेळ लागत होता. एका ओळीला मी पाव घटका घ्यायचे, आणि जुन्या वळणाला त्याच्या दुप्पट. झायना एक दिवस मोबाईल घेऊन आली आणि माझ्या कानाला लागली. "म्हातारी झोपलीय. पाटी उलटी कर, मी फोटो काढते, उस्तादाला पाठव. दोन मिनिटांत वाचून देईल. तू पाठ कर नि म्हण. कुणाला कळतंय?"

मला मोह झाला. खोटं कशाला बोलू, कोठीवर पायसुद्धा ठेवला. हात दोरीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"काय झालं?" झायना म्हणाली.

"परक्याची नजर नको म्हणालीय ती."

"ती म्हणालीय की तुला नकोय?"

झायना हसण्यावारी नेते, पण तिला दिसतं सगळं. मला नकोच होतं. चव्वेचाळीस वर्षं जे झाकलेलं होतं, ते आधी मला बघायचं होतं. उस्तादानं आधी वाचावं आणि मग मला घास भरवावा, हे मला सोसवेना. "यम्मा आज गेली तर?" झायनानं विचारलं. ते मला रात्रंदिवस टोचत होतंच. मी खाली उतरले आणि तिला चहा करून दिला.

त्यानंतर मी दोन महिने जीव तोडून शिकले. अर्गानच्या बिया फोडायच्या मजुरीला जायचं बंद केलं, मुलगा अगादीरहून पाठवतो त्यात भागवलं. शेवटी जवाची कापणी झाली त्या आठवड्यात, एका सकाळी, यम्मानं नेहमीचं "आलं का?" विचारलं नाही. नुसतं भिंतीकडे पाहिलं. मी म्हटलं, "आज काढते."

तिला अंगणात अंजिराखाली चटईवर आणून बसवलं, पाठीला दोन उशा दिल्या. हातपाय धुतले. बिस्मिल्ला म्हणून कोठीवर चढले आणि पाटी काढली. भिंतीवर तिच्या आकाराचा पांढरा चौकोन राहिला. मी ती पालथीच धरून अंगणात आणली, यम्मासमोर बसले आणि उलटी केली.

इतकी काळी शाई! काल लिहिल्यासारखी. धूर नाही, ऊन नाही, माशी नाही. मी मनात म्हटलं, केल्तूम, ही तुझी शाई.

वरच्या बाजूला दीड ओळ होती, खाली थोडी रिकामी जागा, आणि मग आणखी तीन ओळी, बारीक आणि वाकड्यातिकड्या.

मी वरून सुरुवात केली. पहिलं अक्षर लागलं, दुसरं लागलं, तिसऱ्याला तर शब्दच सुटला, आणि मग मी जी धावत सुटले! भराभर, न अडखळता. यम्माचे डोळे मोठे झाले. मलाच माझं कौतुक वाटायला लागलं, आणि मग लक्षात आलं की दीड ओळ केव्हाच संपली होती आणि मी अजून म्हणतच होते. डोळे मागं राहिले होते, तोंड पुढं गेलं होतं. हा धडा मला येत होता. खिडकीखाली ऐकलेला, शेळ्यांमागे घोकून घेतलेला. बिही अडला म्हणून फकीहांनी जुनाच धडा त्याला परत लिहायला लावला असणार. चव्वेचाळीस वर्षं तो माझ्या आत तसाच पडून होता. मी थांबले.

"थांबलीस का?"

"इथं धडा अर्धाच लिहिलाय. खाली दुसरं काहीतरी आहे."

"दुसरं काय असणार? वाच."

मी खालची ओळ धरली. काफ. लाम. ते. मग वाव, मग मीम. जोडून पाहिलं. धड्याच्या भाषेतला कुठलाच शब्द होईना. धड्याची भाषा वेगळी, आमची घरची वेगळी. घरची बोली कुणी लिहीत नाही, ती लिहायची असते हेच कुणाला माहीत नाही. मी परत जोडलं. मोठ्यानं. के. ल. तू. म.

"काय गं?" यम्मा म्हणाली. "मला हाक काय मारतेस तुझ्याच नावानं?"

मी पाटीकडे बघत राहिले. जगातल्या सगळ्या पोत्यांवरचं, बाटल्यांवरचं, बसवरचं वाचून झालं होतं, आणि माझं नाव माझ्या डोक्यावर टांगलेलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी त्याच्याखाली उभी राहून पीठ चाळत होते.

"यम्मा," मी म्हटलं, "हे आपल्या बोलीत आहे."

"पाटीवर? आपल्या बोलीत? वेडी झालीस."

"ऐक तू." आणि मी वाचलं. फार हळू, एकेक अक्षर चाचपत. उन्हं चटईवर आली तरी मी वाचतच होते. त्यानं लिहिलं होतं:

केल्तूमला सगळं पाठ आहे मला नाही. उद्या मी तिला लिहायला शिकवणार. यम्माला सांगायचं नाही.

शेवटचं वाक्य तोंडातून निघालं तेव्हा मला कळलं मी काय वाचलं ते, आणि कुणासमोर.

अंजिरावर एक पक्षी फडफडला आणि गेला. मला लहानपणीसारखं वाटलं, आता दोर काढते की काय. तिनं आठ महिने मला वर्गात पाठवलं ते पोराचा पवित्र धडा पुरा व्हावा म्हणून. आणि पोरानं काय लिहून ठेवलं होतं? दीड ओळ धडा आणि तीन ओळी आगाऊपणा.

"परत वाच," ती म्हणाली.

मी परत वाचलं. या वेळी जरा लवकर झालं.

"मला सांगायचं नाही?" तिचा आवाज चिरकला. "मला? नऊ महिने पोटात वाहिला मेल्याला, आणि मलाच सांगायचं नाही?" आणि ती हसायला लागली. दात नसलेलं, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी गळत. मी तिला कित्येक वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता तिनं माझं मनगट धरलं. "खरं होतं ते? तुला पाठ होतं?"

"हो."

"सगळं?"

"सगळं. मीच घोकून घ्यायचे त्याच्याकडून."

"आणि मी तुला दोरानं..." ती माझ्या मनगटावर अंगठा फिरवत राहिली, तिथं वळ असल्यासारखा. मग म्हणाली, "म्हण. त्याचा धडा. पहिल्यापासून."

मी म्हटला. पाटीकडे न बघता, डोळे मिटून, खिडकीखाली बसून ऐकला होता तसा, त्याच चालीत. कुठंही अडले नाही. संपला तेव्हा यम्मानं दोन्ही तळवे वर केले आणि तोंडावरून फिरवले.

"झालं," ती म्हणाली. "सुटलं पोर. आता धू."

आणि तिथं माझं घोडं अडलं. मी पाटी मांडीवर ओढून घेतली. "नाही धुणार."

"का?"

"मला आजवर कुणी काही लिहिलं नाही, यम्मा. नवऱ्यानं नाही, मुलानं नाही. वाचताच येत नाही तिला कोण लिहिणार? एवढंच आहे. एकट्या बिहीनं मला लिहिलंय. हे धुतलं तर माझ्याकडे काय राहील?" मी रडत होते. छप्पन्न वर्षांची बाई आणि पाटीसाठी रडत होते, लाज वाटत नव्हती. तिनंही चव्वेचाळीस वर्षांपूर्वी अशीच छातीशी धरली होती, हे मला तेव्हा सुचलंही नाही. तिला सुचलं असावं. ती ओरडली नाही.

"मीही अशीच धरून बसले," ती म्हणाली. "काय मिळालं? पाठ झालं की धुवायचं, अशी रीत आहे. नाही धुतलं तर नवा धडा कुठं लिहायचा?"

मातीचा वाडगा मी आणला. विहिरीचं पाणी आणलं. हातानंच चोळलं, चिंधी घेतली नाही. पहिल्यांदा धडा गेला, मग 'शिकवणार' गेलं, मग 'सांगायचं नाही' गेलं. माझं नाव मी शेवटपर्यंत ठेवलं. मग तेही बोटांखाली विरघळलं आणि वाडग्यातलं पाणी राखाडी झालं. तो वास आला, करपलेल्या लोकरीचा, माझ्या बोटांचा.

यम्मानं वाडगा दोन्ही हातांनी धरला आणि प्यायली. निम्म्यावर थांबून माझ्यापुढं केला. "अर्धं तुझं. तुझं नाव आहे त्यात."

मी प्याले. चव सांगू? चुलीतल्या राखेसारखी, कडवट. पण मी थेंब ठेवला नाही.

पुढचे तीन दिवस मी तिच्याजवळून हलले नाही. तिचं काम झालं होतं, आता ती जाईल, असंच मला वाटत होतं. तीही चुलीच्या खोलीत अंथरुणावर पडून भिंतीवरच्या त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघत असायची. चौथ्या दिवशी सकाळी वैतागून म्हणाली, "काय ते भोक पडल्यासारखं दिसतंय. टांग की परत काहीतरी."

मग मी पाटीला पांढऱ्या मातीचा हात दिला. उन्हात वाळवली. झायनाकडून मेंढीच्या पोटाखालची लोकर मागून आणली, तव्यावर जाळली, वाटली. बोरूची लेखणी तासली. यम्मा अंथरुणातून माझ्या हातांकडे बघत होती. दीड ओळ मी लिहिली, घरच्या बोलीत. उस्तादा बघती तर चार चुका काढती. लिहिलं: बिही, यम्माला सांगितलं.

खिळ्याला टांगली. या वेळी तोंड बाहेर.

यम्मानं मान वाकडी केली, डोळे बारीक केले. "काय लिहिलंस?"

"नाही सांगणार."

"केल्तूम!"

"मला पाठवलंस ना वर्गात? आता तूही शीक. स्वतः वाच."

"मला कुठं येतंय?" ती चिडली. पुन्हा पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पाटीकडे. तिच्या तोंडावर जे होतं ते मी ओळखलं. ही खोड मला कुठून आली ते मला त्या वयात कळलं. "ते पहिलं काय आहे, खाली ठिपका असलेलं?"

"नाही सांगणार."

तिनं पाटीवरून नजर काढली नाही. मग म्हणाली, "तुला किती दिवस लागले गं?"

"आठ महिने."

तिनं बोटं मोजली. एका हातावर, मग दुसऱ्या. "म्हणजे बदाम फुलेपर्यंत," ती म्हणाली. आणि उशीवर हात टेकून उठून बसत विचारलं, "आज वर्ग आहे ना? माझ्या चपला कुठं ठेवल्यास?"